दात्यांच्या रुळावरून निलगिरी

उदगमंडलमचं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या उटीचं, रेल्वे स्थानक समुद्रसपाटीपासून २,२०३ मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्यावर उभं राहायचं आणि तिथून आणखी साडेपाचशे मीटर वर पाहायचं. तिथे हा फलाट आहे, तिकीट खिडकी आहे आणि पुरी-भाजीचा वास आहे. गाडी सुटते ते मेट्टुपाळयम मात्र अवघ्या ३२६ मीटरवर. मधलं अंतर ४६ किलोमीटर. मोटारीने हा डोंगर दोन तासांत चढून होतो, रेल्वेला जवळजवळ पाच तास लागतात. ज्याच्याकडे सहलीचा एकच दिवस मोकळा उरला आहे, त्याने हे पाच तास द्यावेत का? या लेखाचं उत्तर ‘होय’ आहे, आणि ते ठामपणे ‘होय’ आहे.

तामिळनाडूची सहल बहुतेक मराठी घरांतून ठरलेल्या वाटेने होते. चेन्नई, महाबलीपुरम, पुदुच्चेरी, मग तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. समुद्र आणि देवळं आधी, डोंगर शेवटी. आमचंही तसंच झालं. तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला, बोट ठेवून वाचून झाला होता. मदुराईत पाय दुखेपर्यंत चालून झालं होतं. परतीची तिकिटं हातात होती. आणि सुट्टी संपता संपता निलगिरीचा हा एक अख्खा दिवस राखून ठेवला होता. ते बरंच झालं. गोपुरं, शिल्पं, वास्तू पाहून डोळे शिणलेले असताना बाकावर बसून डोंगराला आपल्या समोरून सरकू द्यावं, यासारखा विसावा नाही.

चेन्नईहून रात्रभर धावलेली नीलगिरी एक्सप्रेस सकाळी सहानंतर मेट्टुपाळयमला पोचते. तिच्या शेजारीच निळ्या-पिवळसर रंगाची छोटी मीटरगेज गाडी उभी असते, सुटायची वेळ सातच्या पुढे दहा मिनिटं. उतरलेली माणसं सामान सांभाळत आधी इंजिनाकडे धावतात, आणि पुढच्या टोकाला जाऊन थबकतात, कारण तिथे इंजिन नसतंच. ते गाडीच्या मागे असतं.

आमच्या डब्यात मिरजेच्या एक आजी होत्या, मुलगा-सून-नातवंडांबरोबर. त्यांनी गाडी सुटायच्या आधीच हा प्रश्न काढला. “अहो, इंजिन मागे कसं लावलंय?” खिडकीबाहेर उभ्या असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला हिंदी कामापुरतं येत होतं. त्याने हाताचा पंजा तिरका धरला, दुसऱ्या हाताने तो खालून रेटला आणि म्हणाला, “पाटी (म्हणजे आजी), ऊपर जाना है. पीछे से धक्का.” मग पंजा मधूनच सुटल्यासारखा करून खालच्या हाताने अडवून दाखवला. आजींना पुढचं काही सांगावं लागलं नाही. चढावर जोडणी तुटली तर डबे मागे घसरतील. इंजिन उताराच्या बाजूला असलं की ते डब्यांना अडवून धरतं. त्यांनी सुनेला सांगितलं, “बघ, पाठीशी कोणी असावं लागतं.”

पहिले सात-आठ किलोमीटर सपाटीचे. भवानी नदीवरचा पूल, नारळ, मग कल्लारच्या पोफळीच्या बागा. कोकणातल्या माणसाला इथे क्षणभर घरी आल्यासारखं होतं, तेच सरळसोट खोड, तीच गार सावली, तेच पाटाचं पाणी. कल्लारच्या स्थानकापुढे रुळांच्या मधोमध लोखंडाची आणखी एक जोडी सुरू होते, दाते पाडलेली. गाडी एकदम हळू होते. खालून एक खणखणीत आवाज येतो, डबा किंचित हिसका घेतो आणि मग पुढचे जवळजवळ वीस किलोमीटर, थेट कुन्नूरपर्यंत, ती चाकांखालची लय बदलत नाही.

रूळ आणि चाक ही लोखंडावर लोखंड अशी जोडी आहे. सपाटीवर तिचा गुण हाच की घर्षण कमी. चढावर तोच दोष होतो, चाक जागच्या जागी फिरू लागतं. कल्लार ते कुन्नूर हा चढ बारा मीटरला सुमारे एक मीटर इतका आहे. माथेरानची आपली गाडी वीसला एक चढते, आणि ती साध्या चाकांवर, वळणावळणाने, डोंगराला फेऱ्या मारत जाते. निलगिरीत तेवढी वळणं घ्यायला जागाही नव्हती आणि चढही सोसणारा नव्हता. म्हणून इथे इंजिनाच्या पोटाखाली दात्यांची चाकं आहेत, ती मधल्या दातेरी पट्ट्यांत अडकतात आणि गाडी शिडी चढावी तशी एकेक दाता धरत वर जाते.

ही पद्धत रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची, १८८२ ची. त्यांच्या आधी निकोलस रिगेनबाख यांनी स्वित्झर्लंडमधल्या रिगी डोंगरावर दातेरी रेल्वे चालवून दाखवली होती आणि निलगिरीसाठीही योजना सुचवली होती. आब्ट त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी एकाऐवजी दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या आणि दोन्हींचे दाते एकमेकांच्या पुढेमागे ठेवले. एका पट्टीवरचा दाता सुटत असतो तेव्हा दुसरीवरचा घट्ट धरलेला असतो. पकड एक क्षणही सुटत नाही. भारतात दातेरी रुळांवर चालणारी प्रवासी रेल्वे ही एवढीच.

इंजिनाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण या दिवसाचा खरा नायक तेच आहे. ‘एक्स’ वर्गाची ही इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावच्या कारखान्यात बनली. त्यांच्यातली जुनी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची आहेत. प्रत्येक बाजूला दोन सिलिंडर, एकावर एक. खालच्या सिलिंडरांत जास्त दाबाची वाफ जाते आणि ती साधी चाकं फिरवते. सपाटीवर एवढ्यावर भागतं. दात्यांची पट्टी सुरू झाली की खालच्या सिलिंडरांतून काम करून बाहेर पडलेली तीच वाफ वाया न घालवता वरच्या सिलिंडरांत सोडली जाते आणि ती दात्यांची चाकं फिरवते. एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेणारं हे यंत्र शंभर वर्षांपूर्वी रेखाटलं गेलं आणि आजही रोज चालतं. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने अलीकडच्या वर्षांत याच आराखड्यावर नवी इंजिनंही बांधली आहेत. वाफेची इंजिनं संग्रहालयात गेलेल्या काळात आपल्या देशातले कामगार नवी वाफेची इंजिनं बांधतात, या बातमीला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही.

चालक मागे असल्यामुळे त्याला पुढचा मार्ग दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे ब्रेकमन. प्रत्येक डब्याच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला एक छोटा सज्जा आहे, तिथे एक माणूस उभा असतो. हाताशी ब्रेकचं चाक, काखेत लाल आणि हिरवी अशा दोन झेंड्या. सगळ्यांत पुढच्या डब्यावरचा माणूस मार्ग पाहतो, हिरवी झेंडी बाहेर काढतो, त्याच्या मागचा ती पाहून आपली काढतो, आणि खूण अशी हातोहात मागे इंजिनापर्यंत पोचते. आमच्या डब्यावरचा ब्रेकमन पन्नाशीचा असेल. त्याच्या ब्रेकच्या चाकाची कडा एका ठिकाणी इतकी गुळगुळीत झाली होती की तिथे ऊन चमकत होतं. वळणावर तो बाहेर झुकायचा, दरडीकडे एक नजर, रुळांकडे एक नजर, मग झेंडी. तोंडाने अक्षर नाही. दात्यांच्या भागात वेगमर्यादा ताशी १३ किलोमीटर आहे, तरी त्याच्या चेहऱ्यावर निवांतपणा असा दिसला नाही. एकदा रुळाच्या कडेला पडलेला हाताएवढा दगड त्याने आमच्या कितीतरी आधी पाहिला होता. गाडी त्याला खेटून सुखरूप पुढे गेल्यावरच त्याने मान आत घेतली.

कल्लार सोडल्यावर जंगल रुळांच्या इतकं जवळ येतं की खिडकीतून हात काढू नका असं मुलांना सारखं सांगावं लागतं. बांबू, सावरी, मग हळूहळू दाट सदाहरित झाडी. खडकात कोरलेले बोगदे एकापाठोपाठ एक. सगळ्या मार्गावर मिळून ते १६ आहेत, लहानमोठे पूल २५० आणि वळणं २०८. प्रत्येक बोगद्यात मुलं ओरडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या बोगद्यापासून मोठीही ओरडू लागतात. पुलांवर मात्र डबा आपोआप गप्प होतो. काही पुलांवर कडेला कठडा नाही, खाली फळी नाही. खिडकीतून थेट दरी, तळाशी दगडांतून उतरणारा पांढरा ओढा, आणि पलीकडच्या कड्यावर घाटरस्त्याची रेघ, त्यावरून सरकणाऱ्या मोटारी.

या रानात सह्याद्रीची ओळख पुन्हा पुन्हा पटते. शेकरू इथे आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी तोच, फांदीवरून शेपटी खाली सोडून बसलेला. शीळकरी कस्तूर आहे. ओढ्याकाठच्या ओल्या खडकावरचं शेवाळ तेच, नेचे तेच. पश्चिम घाट ही एकच डोंगररांग आहे हे शाळेत शिकलेलं असतं. डांग-नाशिकपासून इथपर्यंत ती खरोखर सलग आहे हे इथे, ओळखीचा पक्षी बोलल्यावर, पटतं.

हत्ती मात्र आपल्या घाटात असे नाहीत. कल्लारचा परिसर हत्तींच्या नेहमीच्या वाटेवर आहे आणि रुळांवर हत्ती येणं ही इथे रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. २०२१ मध्ये हिलग्रोव्हजवळ रुळांच्या कडेने बांधलेल्या भिंतीमुळे हत्तींचा कळप अडकल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, आरडाओरडा झाला आणि रेल्वेला ती भिंत पाडावी लागली. योग्यच झालं. आम्हाला हत्ती दिसले नाहीत, पण एका वळणावर रुळालगतची माती ताजी उकरलेली होती आणि बांबूचं अख्खं बेट आडवं पडलं होतं.

हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं. गाडी थांबते तशी सगळी माणसं खाली उतरतात. उंच नळाची सोंड टाकीवर वळवली जाते, पाणी धो धो पडतं, आणि तेवढ्या वेळात मदतनीस लांब चोचीची तेलाची झारी घेऊन इंजिनाभोवती फिरतो. प्रत्येक सांध्यात दोन-दोन थेंब, मग हाताची पालथी बोटं धातूला लावून पाहायची, जास्त तापलं तर नाही ना. हे काम कुठल्याही काट्यावर दिसत नाही, ते बोटांनाच कळतं. आमच्यातले सगळे तरुण फोन वर धरून वाफेची छायाचित्रं घेत होते. मिरजेच्या आजी त्या झारीकडे पाहत उभ्या होत्या. शेजारच्या टपरीवर गरम मेदूवडा, चहा आणि वर टपून बसलेली माकडं. हातातला वडा वाचवायचा असेल तर तो डब्यात जाऊन खावा.

हा मार्ग सहजासहजी झाला नाही. डोंगरावर रेल्वे न्यावी अशी कल्पना पहिल्यांदा मांडली गेली ती १८५४ मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे गाडी धावल्यावर लगेच पुढच्या वर्षी. काम सुरू व्हायला १८९१ उजाडलं. ज्या कंपनीने ते सुरू केलं ती तीन-चार वर्षांत बुडाली. नव्या कंपनीने पुढे नेलं आणि १८९९ च्या जूनमध्ये गाडी कुन्नूरला पोचली. तिथून उटीपर्यंत यायला १९०८ चा ऑक्टोबर लागला. चोपन्न वर्षं! या काळात या डोंगरात सुरुंग लावणारे, दगड फोडणारे, पाठीवरून लोखंड वाहणारे मजूर कोण होते, त्यांची नावं काय, हे कुठल्या स्थानकावर लिहिलेलं नाही. स्थानकांना मिळालेली नावं ॲडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमेड, वेलिंग्टन, लव्हडेल अशी आहेत. एखाद्या बोगद्याच्या तोंडाशी त्या मजुरांसाठी एक साधा दगड तरी असायला हवा.

१९०७ मध्ये, म्हणजे गाडी उटीला पोचण्याच्या आदल्या वर्षी, आपली नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. पीरभॉय घराण्याच्या पैशाने आणि जिद्दीने बांधलेली, दोन फुटी रुळांची. या दोन गाड्यांच्या नशिबी २००५ चा जुलै महिना फार वेगवेगळा आला. त्या महिन्यात डर्बनला भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत निलगिरी रेल्वेचा समावेश दार्जिलिंगच्या गाडीबरोबर जागतिक वारशात झाला. आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या पावसाने माथेरानचा मार्ग जागोजागी वाहून नेला. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. कालका-शिमल्याची गाडीही २००८ मध्ये त्या यादीत गेली. माथेरान अजून संभाव्य यादीतच आहे. निलगिरीचा हा निगा राखलेला मार्ग पाहताना मराठी माणसाला आनंदाबरोबर ही खंतही वाटल्याशिवाय राहत नाही, आणि वाटायलाच हवी.

रनीमेडनंतर चहा सुरू होतो. आधी जंगलाच्या मधे एखादा हिरवा चौकोन, मग सगळा उतारच. निलगिरीत वर्षभर पानं खुडली जातात, पण थंडीतल्या पानांच्या चहाचा वास वेगळा असतो आणि तो जाणकार राखून ठेवतात. आम्ही गेलो ते फेब्रुवारीत, तेव्हा बायका कमरेला जाड कापड बांधून, पाठीवर पिशव्या अडकवून ओळींतून सरकत होत्या. गाडीकडे एक-दोघींनीच मान वर करून पाहिलं. यांतल्या काही मळ्यांमागे एक वेगळी कहाणी आहे. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर श्रीलंकेतल्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या तमिळ कुटुंबांना भारतात परत यावं लागलं. त्यांना काम आणि निवारा देण्यासाठी तामिळनाडू सरकारने १९६८ पासून निलगिरीत चहाची लागवड केली. ‘टॅनटी’ या नावाने तो चहा आजही विकला जातो. एका बेटावरून उठवलेली माणसं या डोंगरावर आली आणि तेच काम पुन्हा करू लागली. पर्यटकांच्या छायाचित्रांत जी हिरवी चादर येते, तिच्यात हेही विणलेलं आहे.

कुन्नूरला दात्यांचा मार्ग संपतो. वाफेचं इंजिन सुटतं, फुसफुसत शेडकडे जातं आणि त्याच्या जागी डिझेल येतं. पुढचा चढ निम्म्याने सौम्य आहे, त्याला साधी चाकं पुरतात. इथे गाडीत गर्दी चढते, कारण बहुतेक पर्यटक मोटारीने कुन्नूरला येऊन फक्त कुन्नूर-उटी एवढाच टप्पा करतात. तासाभराचा तो प्रवास सुंदर आहे, पण ज्याने तेवढाच केला त्याने वाफ पाहिली नाही, दाते पाहिले नाहीत, मोठे पूल पाहिले नाहीत आणि जंगल तर मुळीच पाहिलं नाही.

खुद्द कुन्नूर गाव थांबण्याजोगं आहे. १८७४ चा सिम्स पार्क डोंगराच्या खोबणीत पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. १९०७ मध्ये स्थापन झालेली पाश्चर इन्स्टिट्यूट इथलीच. रेबीजवरच्या लशीसाठी तिचं नाव देशभर आहे. पुढच्या वेलिंग्टनला लष्कराचं स्टाफ कॉलेज आहे, आणि फील्ड मार्शल सॅम माणेकशा निवृत्तीनंतर याच डोंगरात राहिले; २००८ मध्ये वेलिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं. अरुवंकाडूला ब्रिटिश काळापासूनचा कॉर्डाइटचा कारखाना, मग केट्टीची रुंद दरी. दरीत गाजर, कोबी, बटाट्याची पायऱ्यांची शेतं आणि मधूनमधून बडगा समाजाची गावं, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगा. पुण्या-मुंबईच्या भाजीबाजारात ‘उटीचं गाजर’ म्हणून जे येतं त्याचं मूळ हे.

लव्हडेलच्या आसपास निलगिरीची झाडं दुतर्फा लागतात, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते झाड निलगिरीचं नाही. युकॅलिप्टस ऑस्ट्रेलियातून आला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, छावण्यांना आणि बंगल्यांना जळण हवं म्हणून. त्याच्या जोडीला वॅटल आली. त्याआधी या माथ्यावर मोकळी गवताळ कुरणं होती आणि त्यांच्या घळींत शोला नावाची बुटकी, दाट, ओलावा धरून ठेवणारी जंगलं. कुरणाने पाऊस झेलायचा, शोलाने मुरवायचा, ओढ्यांनी बारा महिने वाहायचं, अशी ती रचना होती. कुरणं गेली तशी ओढ्यांची बारमाही धार गेली. आता वनखातं आणि स्थानिक मंडळी वॅटल उपटून गवत परत आणायचा प्रयत्न करत आहेत. काम अवघड आहे, आणि ते आपल्या कास पठारावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्ष ठेवावं असं आहे.

याच कुरणांवर कुरिंजी फुलते, बारा वर्षांतून एकदा. आपल्या सह्याद्रीतली सात वर्षांनी फुलणारी कारवी आणि ही कुरिंजी एकाच वंशातल्या, स्ट्रोबिलँथिस. कुरिंजीचा मोठा बहर २००६ आणि २०१८ मध्ये येऊन गेला. पुढचा २०३० मध्ये अपेक्षित आहे. कारवीसाठी भंडारदरा-हरिश्चंद्रगडाच्या वाटा तुडवणाऱ्यांनी आतापासून मनात नोंद करून ठेवावी.

दुपारी बाराच्या सुमाराला उटी. जेवण करून आम्ही थेट बोटॅनिकल गार्डन गाठलं. विल्यम ग्रॅहम मॅकायव्हर यांनी १८४८ पासून उभी केलेली ही बाग बावीस हेक्टरांची आहे आणि दोन कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचं दगड झालेलं खोड तिथे ठेवलेलं आहे. पण बागेपेक्षा तिच्या वरच्या अंगाला असलेली तोडांची वस्ती मनात राहिली. तोडा हे या माथ्याचे मूळ रहिवासी, म्हशी पाळणारे, त्यांचा सगळा धर्म दुधाभोवती आणि म्हशींभोवती गुंफलेला. कोईमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन यांनी १८२२ मध्ये तोडांच्या जमिनीवर स्टोन हाऊस हे पहिलं घर बांधायला घेतलं, पाठोपाठ तळं तयार करवलं, आणि या माथ्याचं उटी झालं.

वस्तीत पारंपरिक घर आता एखाददुसरंच उरलं आहे; अर्धगोल पाठीचं, वेत-बांबूचं, आणि दार इतकं बुटकं की आत जायला रांगावं लागेल. एका साध्या सिमेंटच्या घराच्या पायरीवर एक बाई पांढऱ्या जाड सुती कापडावर लाल आणि काळ्या लोकरीने भरत होती. समोर नक्षी काढलेली नव्हती, कापडावर पेन्सिलची खूण नव्हती. सुई घालण्याआधी ती नखाने कापडाचे धागे मोजत होती, ओठ हलत होते. काळा पट्टा, मग लाल, मग मधे कोन. उलट्या बाजूने पाहिलं तर तिकडेही तेवढंच नीट काम. या तोडा भरतकामाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिने सांगितलेल्या किमतीत आमच्या गटातल्या कोणी घासाघीस केली नाही, ही त्या दिवसाची चांगली गोष्ट. एका शालीत किती दिवस जातात हे तिच्या शेजारी पाच मिनिटं बसलं की कळतं.

संध्याकाळी बाजारातून खुसखुशीत वरकी घेतली, चहात बुडवून खायची. थंडी एकदम उतरली. दुसऱ्या दिवशी कोईमतूर आणि मग घर.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. दिवाळीची सुट्टी या गाडीसाठी टाळा. निलगिरीच्या पूर्व उतारावर जोराचा पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, परतीच्या मोसमात. आपल्या जून-सप्टेंबरच्या हिशेबाने जाल तर फसाल. त्या महिन्यांत दरडी कोसळून मार्ग दिवसचे दिवस बंद राहतो. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत भरवशाचा. मोटारीने गेलात तर ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो मे २०२४ पासून सुरू झाला, आणि डोंगराची सोसण्याची ताकद पाहता तो योग्यच आहे. मोटारींची रांग आणि धूर या माथ्याला नको आहेत, रेल्वेला मात्र तो स्वतः होऊन जागा देतो.

तिकीट मेट्टुपाळयमपासूनचं काढा आणि चढतीचं काढा. उतरतानाची गाडी साडेतीन तासांत खाली येते, पण इंजिनाचं सगळं कसब चढताना दिसतं. जागा थोड्या आहेत, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं. म्हणून सहलीचं पहिलं तिकीट हे काढा. विमान, हॉटेल, बाकीचे मुक्काम त्याच्याभोवती बसवता येतात.